साल कोणत्या कुड्याची?

आज मीरा-भाईंदर शहरात असलेल्या नवघरची मूळ जमीन खाजणाची आणि मिठागरांची. वसईच्या खाडीची भरती जिथवर चढते तिथवर तिवरांची वस्ती, आणि ही खारी, पाणथळ माती कुड्याच्या झाडाला मानवत नाही. पण १९८५ साली आसपासच्या ग्रामपंचायती एकत्र येऊन नगरपरिषद झाली आणि २००२ मध्ये तिची मीरा-भाईंदर महानगरपालिका झाली, तेव्हा एकाच हद्दीत खाडीही आली आणि डोंगरही. काशीमिरा, चेणे, वरसावे या बाजूंनी जमीन चढू लागली की पानझडी जंगल सुरू होते. ते पुढे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मिसळते आणि पांढरा कुडा तिथला जुना रहिवासी आहे. उन्हाळा सरत आला आणि बाकीचे रान अजून कोरडे असले, की या लहानखुऱ्या झाडावर पांढऱ्या, सुवासिक फुलांचे झुबके येतात. पहिल्या पावसातही फुलांचा बहर टिकून असतो. कालिदासाच्या यक्षाने आषाढातल्या मेघाला अर्घ्य दिले ते याच फुलांचे. इमारतींनी भरलेल्या या शहरातून हे झाड फार तर अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे, तरी ते ओळखणारी माणसे मात्र वेगाने कमी होत आहेत. कुड्यावरच्या या पुस्तकाची गरज तिथून सुरू होते.

कुड्याबद्दल मराठीत आजवर जे लिहिले गेले त्यात दोन सूर ठळक ऐकू येतात. एक म्हणतो, कुडा हे आमांशावरचे रामबाण औषध, ऋषींनी सांगितले आणि आपण विसरलो. दुसरा म्हणतो, काही काळ चाललेले हे झाडपाल्याचे औषध होते, पुढे त्याहून चांगल्या गोळ्या निघाल्या आणि त्याचे काम संपले. दोन्ही सूर एकाच चुकीच्या प्रश्नाला उत्तर देतात. ‘कुडा लागू पडतो का?’ हा तो प्रश्न. कुड्याचा इतिहास नीट वाचला तर दिसते की हे औषध नेहमी अटींसह आले आहे: कोणते झाड, त्याचा कोणता भाग, ताजा की सुका, रोगाच्या कोणत्या अवस्थेत. ज्यांनी या अटी पाळल्या त्यांना त्याचा गुण दिसला. ज्यांनी त्या गाळल्या त्यांनी कधी नसलेले गुण चिकटवले, तर कधी असलेले नाकारले. या पुस्तकाचा सगळा भर या अटींवर आहे आणि माझ्या मते तोच बरोबर आहे.

पहिली अट झाडाच्या ओळखीची. महाराष्ट्रात कुडा या नावाने निदान तीन झाडे ओळखली जातात. पांढरा कुडा, म्हणजे होलरेना प्युबेसेन्स, हे औषधाचे झाड. काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया आणि तांबडा कुडा म्हणजे राइटिया आर्बोरिया. तिन्ही एकाच करवीर कुळातली, तिघांचीही पाने समोरासमोर, तिघांनाही चीक आणि तिघांच्या शेंगा जोडीने लोंबणाऱ्या. पानगळीच्या दिवसांत बुंध्यावरून ती वेगळी करणे कठीण आहे. फुलांत मात्र फरक स्पष्ट दिसतो. राइटियांच्या फुलात गळ्याशी झालरीसारखे उपांग असते आणि परागकोश सुळक्यासारखे बाहेर डोकावतात. पांढऱ्या कुड्याच्या फुलात झालर नसते आणि परागकोश नळीतच राहतात. काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात, पांढऱ्याच्या पहिल्यापासून सुट्या. बियांची पारख जिभेवर होते. बाजारात कडू इंद्रजव आणि गोडा इंद्रजव असे दोन प्रकार मिळतात. त्यातला कडू तो पांढऱ्या कुड्याचा आणि गोडा काळ्याचा. काळा कुडा टाकाऊ आहे असे मात्र कोणी समजू नये. त्याच्या पानांपासून निळा रंग निघतो, त्याच्या शुभ्र लाकडाची चन्नपट्टणची खेळणी होतात आणि तमिळ सिद्ध वैद्यकात त्याच्या पानांचे तेल त्वचारोगांवर नावाजलेले आहे. पण आमांशावर पांढऱ्याच्या जागी काळा देणे ही फसवणूक आहे, मग ती जाणून केलेली असो वा नकळत.

ही गल्लत होऊ शकते याची जाणीव जुन्या ग्रंथकारांना होती. चरकसंहितेच्या कल्पस्थानात वत्सकाला, म्हणजे कुटजाला, स्वतंत्र अध्याय आहे. वमनासाठी त्याचे अठरा योग तिथे सांगितले आहेत. त्याआधी ग्रंथकार पुरुष-कुटज आणि स्त्री-कुटज असे दोन प्रकार वर्णन करतो. पहिल्याचे फळ मोठे, फूल पांढरे, पान स्निग्ध. दुसऱ्याचे फूल तांबूस छटेचे, फळे आणि देठ बारीक. आजच्या वर्गीकरणातल्या कोणत्या जाती यांना नेमक्या लागू कराव्यात यावर द्रव्यगुणाचे अभ्यासक वाद घालत आले आहेत, आणि सुरतचे वैद्य बापालाल यांच्यासारख्यांनी अशा संदिग्ध द्रव्यांचा आयुष्यभर पाठपुरावा केला. मला त्या वादापेक्षा अधिक महत्त्वाची वाटते ती ग्रंथकाराची पद्धत. औषध सांगण्याआधी तो झाड वेगळे करून दाखवतो.

भागाची अटही तितकीच काटेकोर आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात श्रेष्ठ द्रव्यांची यादी आहे. कफ, पित्त आणि रक्त यांचे संग्रहण व शोषण करणाऱ्यांत तिथे कुटजाची साल श्रेष्ठ ठरवली आहे. स्तन्यशोधन, म्हणजे अंगावरचे दूध शुद्ध करणाऱ्या, गणात मात्र त्याच झाडाचे फळ येते. अर्शोघ्न आणि कंडूघ्न गणांतही कुटज आहे, म्हणजे मूळव्याध आणि खाज या दोन्हींवर त्याचा विचार झालेला होता. भावप्रकाश निघंटूने तर कुटज आणि इंद्रयव (म्हणजे त्याचे बी, इंद्रजव) यांची नोंद दोन वेगळ्या वर्गांत केली. झाड एक, पण द्रव्ये दोन, हा विवेक निघंटूंनी जपला. ताजेपणाचीही अट होती. गुळवेल, अडुळसा, कोहळा, शतावरी यांच्याबरोबर कुटजही नेहमी ओलाच वापरावा, असे शार्ङ्गधराने सांगितले आहे. त्याच्या कुटज-पुटपाकात ताजी साल वाटून, पानांत गुंडाळून, वरून मातीचा लेप देऊन भाजतात आणि निघालेला रस मधाबरोबर देतात. कुटजारिष्ट आणि कुटजावलेह हेही शार्ङ्गधरसंहितेतले योग. आसवारिष्टे आणि अवलेह टिकाऊ असतात. ताज्या सालीची अट पाळता येत नाही तिथे औषध पोहोचावे म्हणून ही रूपे उपयोगी पडली आणि आजच्या बाजारात कुटज मुख्यतः त्याच रूपांत किंवा घनवटीच्या रूपात भेटतो.

सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाणारी अट रोगाच्या अवस्थेची. आयुर्वेद अतिसाराच्या आम आणि पक्व अशा अवस्था मानतो. आम अवस्थेत, म्हणजे न पचलेले दोष शरीर बाहेर टाकत असताना, मल रोखणारे औषध देऊ नये, अशी स्पष्ट सूचना आहे. कुटजाची साल संग्राही आहे, म्हणून तिची जागा ही अवस्था पाहून ठरते. ‘जुलाब झाले, कुडा घ्या’ एवढेच सांगणारा सल्ला आयुर्वेदाच्या नावावर दिला जातो, पण तो आयुर्वेदाला धरून नाही.

संस्कृत वैद्यकग्रंथांच्या बाहेरही कुड्याचा माग लागतो. पाली विनयपिटकाच्या महावग्गात भिक्षूंना ज्या तुरट काढ्यांची परवानगी आहे त्यांत कडुनिंब आणि पटोल यांच्याबरोबर कुटज आहे. औषधी पानांच्या यादीतही तो आहे. कान्हेरीच्या लेण्यांत शतकानुशतके भिक्षुसंघ राहिला, तो याच डोंगररांगेत. तेवढ्यावरून कान्हेरीच्या विहारात कुडा उकळला जात होता असे म्हणणे घाईचे होईल. पण कुडा हे एकाच परंपरेचे धन नव्हते, हे महावग्गावरून नक्की होते. डोंगराच्या कडेने असलेल्या वारली पाड्यांपासून कोकणच्या वाड्यांपर्यंत पसरलेली तिसरी परंपरा लिहिलेली नाही, पण ती आजही चालू आहे. कुड्याचे पाळ, म्हणजे मूळ, ताकात उगाळून आव पडणाऱ्याला देतात, पावसाळ्याच्या तोंडाशी फुलांची आणि कोवळ्या शेंगांची भाजी करतात. ही भाजी कडसर असते आणि वर्षातून एकदा तरी ती पोटात जावी असा जुन्या घरांतला रिवाज आहे. अन्न आणि औषध यांच्या मधल्या या जागेकडे ग्रंथांनी फारसे पाहिले नाही. म्हणून या परंपरेची नोंद बोलणाऱ्यांच्या तोंडूनच घ्यावी लागते, आणि ती घेण्याचा काळ आता फार उरलेला नाही.

अटी गळाल्या की काय होते याचा सर्वांत बोलका पुरावा युरोपीय व्यवहारात सापडतो. गार्सिया द ओर्ता यांचा संवादरूपी ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात आमांशावरच्या एका मलबारी औषधाची हकिगत आहे आणि अभ्यासक ती कुड्याशी जोडतात. पुढे १६७८ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘हॉर्तुस मलाबारिकुस’मध्ये कुडा कोडगा-पाला या नावाने चित्रासह आला. अठराव्या शतकात ही साल तेल्लिचेरी साल, कोनेसी साल अशा नावांनी युरोपच्या औषधपेठांत पोहोचली. मग तिची पत घसरली. साल जहाजाने जाई, झाड मागे राही, आणि तिकडे साल तपासणाऱ्याने ते झाड कधी पाहिलेले नसे. पांढऱ्या कुड्याच्या सालीत राइटियाची निरुपयोगी साल मिसळली जाऊ लागली, आणि निष्प्रभ माल घेणाऱ्यांनी दोष औषधाला दिला. वनस्पतिशास्त्रानेही गोंधळात भर घातली. लिनियसने १७५३ मध्ये आमांशाशी जोडलेले जातिनाम दिले, ते श्रीलंकेतल्या एका वेगळ्या झुडपाला लागू ठरले. रॉबर्ट ब्राउनने १८१० च्या सुमारास होलरेना आणि राइटिया या प्रजाती वेगळ्या केल्या, तरी ते नाव त्या झुडपालाच चिकटून राहिले. आज शहरातल्या रोपवाटिकांत कुंडीत लावायला मिळणारे पांढऱ्या चांदणीसारख्या फुलांचे ते झुडूप राइटिया अँटिडिसेंटेरिका या नावाने विकले जाते. ते शोभेचे आहे, आणि केवळ नाव वाचून त्याची साल कोणी औषध म्हणून वापरू नये.

रसायनशास्त्राचा टप्पा मुंबईत सुरू झाला याची आठवण इथल्या वाचकाला असायला हवी. हेन्स यांनी १८५८ मध्ये मुंबईत या सालीतून अल्कलॉइड वेगळे काढल्याची नोंद केली. तेच पुढे कोनेसिन म्हणून प्रसिद्ध झाले. मुंबईतच काम केलेल्या विल्यम डिमॉक यांनी पश्चिम भारतातल्या औषधी वनस्पतींवर लिहिले आणि वॉर्डन व हूपर यांच्याबरोबर ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ सिद्ध केले. या लेखनात रसायन, बाजारातली नावे, संस्कृत आधार आणि लोककथा एकाच पानावर भेटतात. इंद्राने रामाच्या वानरांना जिवंत केले तेव्हा सांडलेल्या अमृताच्या थेंबांतून कुडा उगवला, ही कथाही तिथे आहे. मराठीत हे काम वेगळ्या बळावर झाले. १९०७ मध्ये आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घालणाऱ्या शंकर दाजीशास्त्री पदे यांनी वनौषधींवर मराठीत लिहिले, आणि डॉ. वामन गणेश देसाई यांच्या ‘औषधीसंग्रहा’ने आयुर्वेद आणि पाश्चात्त्य वैद्यक या दोन्हींची भाषा एकत्र आणली. हे पुस्तक त्याच वाटेवर पुढे चालते.

१९२० च्या दशकात कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा यांनी कुड्यावर काम केले. त्याला व्यावहारिक कारण होते. अमिबाच्या आमांशावर त्या काळी एमेटिनची इंजेक्शने देत, आणि ती हृदयाला घातक ठरू शकत. देशी सालीतून सुरक्षित पर्याय मिळेल, ही आशा होती. कुर्ची-बिस्मथ-आयोडाइड (कुर्ची म्हणजे कुडाच) हे तोंडाने घेण्याचे औषध त्यातून वापरात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर शुद्ध कोनेसिनही रोग्यांना देऊन पाहिले गेले. अमिबावर त्याचा परिणाम दिसला, पण निद्रानाश, कंप, भ्रम असे मज्जासंस्थेचे त्रासही दिसले. नंतर १९६० च्या दशकात मेट्रोनिडॅझोल आले आणि कोनेसिन मागे पडले. ‘झाडाचेच ते, अपाय कसला?’ असे समजणाऱ्यांनी हा भाग सावकाश वाचावा. ‘सक्रिय घटक काढला की झाडाची गरज संपते’ असे मानणाऱ्यांनीही तो वाचावा, कारण सालीचा काढा आणि शुद्ध अल्कलॉइड ही मात्रेने आणि परिणामाने एकच गोष्ट नाही. सालीत इतर अल्कलॉइडे आहेत, तुरट द्रव्ये आहेत. अलीकडे प्रयोगशाळेत कुड्याच्या काढ्याचा ई. कोलाय जिवाणूंच्या आतड्याला चिकटण्याच्या क्षमतेवर परिणाम तपासला गेला आहे. कोनेसिन हिस्टामिनच्या एका ग्राहीला अडवते, हे कळल्यावर मेंदूच्या औषधांच्या शोधातही त्याचे नाव आले. ज्या अल्कलॉइडाचा मज्जासंस्थेवरचा परिणाम एकेकाळी दोष ठरला, त्याच परिणामात आता संशोधकांना वाट दिसते.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की जुलाबाने मरणाऱ्या मुलांना कुड्याने वाचवले नाही, मीठ-साखरेच्या पाण्याने वाचवले. हे खरे आहे. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना जलसंजीवनी देऊन जे सिद्ध केले, त्याच्या तोडीचे काम कोणत्याही सालीने केलेले नाही. शरीरातले पाणी आणि क्षार गेल्यावर ते भरून काढणे हाच पहिला उपाय, आणि लहान मुलाच्या बाबतीत त्यात तासाचाही उशीर चालत नाही. हे पुस्तक कुड्याला त्या जागी बसवत नाही. ते त्याची जागा दाखवते: वैद्याच्या देखरेखीखाली, निदान झाल्यावर, दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या ग्रहणीसारख्या तक्रारींत आणि मूळव्याधीच्या रक्तस्रावात. या जागेचे मोल किती, हे चांगल्या चाचण्यांनी ठरायचे आहे, आणि त्या चाचण्यांची पहिली अट हीच की वापरलेली साल कोणत्या झाडाची, हे खात्रीने माहीत असावे.

दुसरा आक्षेप परंपरेच्या बाजूने येतो. ग्रंथांनी सांगितले, वैद्यांनी अनुभवले, मग सूक्ष्मदर्शक आणि रसायनपरीक्षा कशाला? उत्तर ग्रंथांतच आहे. स्त्री आणि पुरुष कुटज वेगळे करणारा ग्रंथकार परीक्षाच करत होता. त्याला झाड पाहता येत होते. आजच्या औषध उत्पादकाच्या दारात येतात ती सालीची पोती, आणि ती साल ओळखायला सूक्ष्मदर्शकाखालचा छेद आणि अल्कलॉइडांचे प्रमाण लागते. १९६४ मध्ये औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्यात आयुर्वेदिक औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण आले आणि भारतीय आयुर्वेदिक औषधसंहितेत कुटजाचे मानक ठरले. त्यातून जुन्या अटीच नव्या साधनांनी पाळायची सोय झाली.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अस्वस्थ करतो. अशी पुस्तके वाचून लोक जंगलात जातील आणि साल सोलतील. बुंध्याभोवती पूर्ण वळसा घालून साल काढली की झाड मरते. राष्ट्रीय उद्यानातून साल, फांदी, बी, काहीही आणणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि तसा असायलाच हवा. पण झाड न ओळखणारे शहर त्या झाडाचे रक्षणही करत नाही. रस्ता रुंद करताना, डोंगर पोखरताना जे तोडले जाते त्याला ‘झुडपे’ म्हणतात आणि विषय संपतो. कुडा छाटल्यावर पुन्हा फुटतो, मुळांपासूनही धुमारे देतो. म्हणून लागवडीच्या झाडांच्या छाटलेल्या फांद्यांतून साल मिळवणे शक्य आहे आणि खाजगी जमिनीत, बांधावर, शाळांच्या आवारात तो लावता येतो. नवघरच्या भरावाच्या जमिनीवर त्याचा आग्रह धरू नये. तिथे करंज, भेंडी, उंडी ही किनाऱ्याची झाडे योग्य. पण काशीमिऱ्यापासून वरसाव्यापर्यंतच्या उतारांवर कुडा हक्काने शोभेल.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडे. लेखकांनी ते झाडापासून सुरू केले आहे, रोगांपासून नाही, आणि ही निवड विचारपूर्वक आहे. वाचक आधी पान, फूल, शेंग आणि बी ओळखायला शिकतो, तिन्ही कुडे शेजारी ठेवून पाहतो, आणि मगच ग्रंथांकडे वळतो. मात्रांचे तक्ते मुद्दाम दिलेले नाहीत. ज्यांना ते हवेत त्यांनी वैद्याकडे जावे, ही लेखकांची भूमिका मला मान्य आहे. लोकपरंपरेच्या भागात सांगणाऱ्यांची नावे गाळली असली तरी त्यांचे शब्द जसेच्या तसे ठेवले आहेत. पाळ, उगाळणे, रक्ती आव, मुरडा या शब्दांना शास्त्रीय संज्ञांखाली दडपलेले नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या होलरेना फ्लोरिबंडा या भावंडाची साल तिकडेही आमांशावर वापरली जाते. हा धागा पुस्तकात थोडक्यात आला आहे. तो पुढे कोणी विस्ताराने मांडावा, इतका तो मोलाचा आहे.

एक सूचना मात्र इथे नोंदवतो, कारण ती थेट या शहराला लागू आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. अशा नोंदवह्यांत झाडाचे नाव आणि ‘औषधी’ एवढा शेरा लिहून रकाना भरण्याची सवय पडली आहे. कुड्यापुरती तरी ती बदलावी. कोणता कुडा, डोंगराच्या कोणत्या उतारावर, किती फुललेला, साल, पाळ, पान, फूल, शेंग, बी यांतला कोणता भाग कोण वापरते, ओला की सुका, ताकात की पाण्यात, आजाराच्या सुरुवातीला की नंतर, हे प्रश्न चेण्या-वरसाव्याच्या पाड्यांवर जाऊन त्यांच्याच भाषेत विचारले जावेत, आणि ज्यांनी उत्तरे दिली त्यांच्या संमतीनेच ती लिहिली जावीत. फुले वैशाख-ज्येष्ठात असतात. ओळख पक्की करायची तर ही पाहणी त्याच महिन्यांत करावी लागेल.